फोटोवर टेक्स्चर चढवायला गेले आणि आजोबांना देवी आल्या! (मदत हवी)

पागोळी | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, दिवाळीनंतर आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आम्ही मामे-मावस भावंडं मिळून आजोळच्या घराचं भिंतीवरचं कॅलेंडर करतोय. बारा पानं, १२ बाय १८ इंची. घर राजापूर तालुक्यात, चिऱ्याचं, पुढे पडवी आणि मागे माड. प्रचि (प्रकाशचित्रं) मे महिन्यात माझ्या फोननेच काढलीत.

अडचण अशी की सगळं फार गुळगुळीत आलंय. शंभरेक वर्षांचं घर, पण कालच डिस्टेंपर मारल्यासारखं दिसतं. पडवीची सारवलेली जमीन तर चक्क लिनोलियम वाटतेय. म्हणून म्हटलं थोडं टेक्स्चर देऊ. नेटवरून पोपडे उडालेल्या एका भिंतीचा फोटो उतरवला (फ्रान्समधल्या कुठल्यातरी गल्लीतली भिंत, म्हणे), २०१३ चा एक धडा वाचला, जिंपमध्ये (फोटो सुधारायचा फुकट प्रोग्राम) वरच्या लेअरवर, म्हणजे थरावर, ठेवला, मोड (थर खालच्यात मिसळायची पद्धत) ओव्हरले, ओपॅसिटी (थराची दाटी) ८०.

आजोबांच्या गालांना तडे गेले आणि चेहरा हिरवट झाला. आई मागून येऊन म्हणाली, "बाबांना देवी आल्यात का गं?"

जिंप २.१०, लॅपटॉप जुना. फोटोशॉप घेणं शक्य नाही. कुणी सांगेल का, नेमकं काय चुकतंय?

मधलीसुट्टी | शनिवार, रात्री १०:३१

कडुनिंबाचा पाला बांधा आणि ओपॅसिटी कमी करा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

लाइटरूम या फोटोच्या प्रोग्राममध्ये टेक्स्चर नावाचाच स्लायडर आहे की, तो उजवीकडे ओढायचा. इतका खटाटोप कशाला?

कोबा | शनिवार, रात्री ११:०५

मधलीसुट्टी, तो स्लायडर आला २०१९ च्या मे महिन्यात, आणि त्याचं काम वेगळं आहे. फोटोत आधीच असलेला मध्यम आकाराचा तपशील, म्हणजे केस, झाडाची साल, त्वचेवरची छिद्रं, तो उठावदार करतो नाहीतर दाबतो. बाहेरून काही आणत नाही. पागोळींच्या फोनने नॉइज (नको ते दाणे) घालवायच्या नादात सारवणाच्या रेघा आधीच पुसून टाकल्यात. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पागोळी, आता तुमच्याकडे वळतो. थोडं गणित आहे, पण एकदा कळलं की धडे वाचावे लागत नाहीत. प्रत्येक पिक्सेल ० (काळा) ते २५५ (पांढरा) धरा.

मल्टिप्लाय: वरचा आकडा गुणिले खालचा, भागिले २५५. १२८ वर १२८ ठेवला की ६४ उरतात. वर पांढरा असेल तर खालचं जसंच्या तसं राहतं. म्हणजे हा मोड फक्त गडद करतो. कागदाचे डाग, शाई, चहाचा ओघळ याला उत्तम.

स्क्रीन त्याच्या उलट. १२८ वर १२८ म्हणजे साधारण १९२. वर काळा असेल तर काही होत नाही. काळ्यावर पांढरी धूळ किंवा पांढरे ओरखडे असलेलं टेक्स्चर असेल तर हाच वापरायचा.

ओव्हरले दोन्हींचं कडबोळं आहे. खालचा फोटो जिथे गडद तिथे मल्टिप्लायसारखा, जिथे उजळ तिथे स्क्रीनसारखा. यात वरचा रंग बरोबर मधला राखाडी, म्हणजे १२८, असेल तरच खालचं बदलत नाही. सॉफ्ट लाइटचंही तसंच, फक्त हात हलका.

तुमची भिंत निळसर-हिरवी असणार, म्हणून आजोबा हिरवे. एका कोपऱ्यात उजळ आणि दुसऱ्यात काळपट असणार, म्हणून फोटोचा उजेडही बिघडला असेल. यासाठी टेक्स्चरच्या लेअरवर आधी डिसॅच्युरेट करा (रंग काढून टाका), मग फिल्टर्समध्ये एन्हान्सखाली हाय पास आहे तो लावा. हाय पास मोठे डाग आणि उजेडातला चढउतार काढून टाकतो, सरासरी मधल्या राखाडीवर आणतो आणि फक्त खरखर ठेवतो. सॉफ्ट लाइट किंवा ओव्हरलेला नेमकं हेच लागतं. मग सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी २५ ते ३०.

आणि तो २०१३ चा धडा सोडून द्या. जिंप २.८ पर्यंत ओव्हरले नावालाच होता, आतलं गणित सॉफ्ट लाइटचंच चालायचं. २०१८ साली २.१० आलं तेव्हा ते दुरुस्त झालं. जुन्या धड्यातला ८० आकडा मवाळ ओव्हरलेसाठी होता. तुम्ही तो खऱ्या ओव्हरलेला लावलात.

पागोळी | शनिवार, रात्री ११:४८

कोबा, साष्टांग! हाय पास लावल्याबरोबर हिरवेपणा गेला. देवी मात्र अजून आहेत, पण आता कांजिण्या म्हणण्याइतपत.

लालदिवा | रविवार, सकाळी ७:२०

नाव बघून कुणी कलेक्टर समजू नये. डार्करूममधला लाल दिवा. तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ होता, आता मुलगा त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकतो.

टेक्स्चर चढवणं हा संगणकाचा शोध नाही. आमच्याकडे टेक्स्चर स्क्रीन मिळायचे, पातळ फिल्मवर लिननची वीण, कॅनव्हासची जाळी किंवा बारीक ठिपके छापलेले. ते वापरायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे निगेटिव्हला चिकटवून दोन्ही एकत्र एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र) घालायचं. दुसरी, मोठा स्क्रीन खाली कागदावरच पसरायचा. पहिल्या तऱ्हेत प्रिंट जितकी मोठी तितकी वीणही मोठी होते. दुसरीत प्रिंट पोस्टकार्डाएवढी असो की दाराएवढी, वीण तेवढीच राहते. नवशिका पोरगा पहिल्या तऱ्हेने मोठी प्रिंट काढायचा आणि नवरीच्या शालूऐवजी तोंडावर गोणपाट यायचं.

पागोळीताई, तुमचं तेच झालंय. टेक्स्चर स्क्रीनवर बघून ठरवू नका, कागदावरचं माप धरा. तुमचा फोन १२ मेगापिक्सेलचा असेल तर लांब बाजू ४००० पिक्सेल. ती १८ इंचांवर पसरली की इंचाला २२२ पिक्सेल, मिलिमीटरला जेमतेम ९. कागदावर मिलिमीटरभर खळी दिसायला हवी असेल तर टेक्स्चरमधली खळी ९ पिक्सेलची हवी. तुम्ही चिकटवलेल्या भिंतीतला एकेक पोपडा दोनशे-तीनशे पिक्सेलचा असणार. म्हणजे आजोबांच्या गालावर इंचभराचा पोपडा. देवी नाहीत तर काय येणार?

अर्धीप्लेट | रविवार, सकाळी ९:०२

लालदिवा काका, सकाळी सकाळी मिसळ गार झाली वाचता वाचता. वाचनखूण साठवली आहे.

माझा मुद्दा साधा आहे. फ्रान्सची भिंत हवीच कशाला? ज्या घराचे फोटो आहेत त्याच घराची भिंत घ्या की. चिऱ्याइतकं सुंदर टेक्स्चर दुसरं नाही, भोकाभोकांचं, वरून पावसाने काळं पडलेलं आणि खाली गेरूसारखं लाल. मी गेली काही वर्षं असले नमुने जमवतोय. शहाबादी फरशी, गंजका पत्रा, चुलीमागची काजळलेली भिंत, पोत्याची वीण, शेणाचं सारवण, तव्याची उलटी बाजू (ही भारी निघते). पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेले कागद स्कॅनरवर टाकून ठेवलेत. ती संस्था १९४० पासूनची आहे, आणि तिथल्या कागदात तंतू दिसतात ते कुठल्याही फिल्टरला जमत नाहीत.

भिंत टिपताना फोन भिंतीला अगदी समांतर धरा, नाहीतर एका बाजूची भोकं मोठी येतात. वाइड लेन्स नको. एक नमुना ढगाळ वेळी घ्या, त्यात फक्त डाग आणि रंग येतील. दुसरा संध्याकाळी साडेपाचला, ऊन भिंतीवरून घसरत जात असताना. त्यात प्रत्येक खळीला सावली येते आणि खरखर जिवंत होते.

या दुसऱ्या प्रकारात एक मेख आहे. सावलीला दिशा असते. फोटोत ऊन डावीकडून आणि टेक्स्चरमध्ये उजवीकडून असेल तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे कळतं. आणि खालून उजेड पडल्यासारखं टेक्स्चर लावलं तर खड्ड्यांचे फोड दिसायला लागतात, कारण उजेड वरूनच येतो असं आपले डोळे धरून चालतात. करून बघा, भिंतीचा फोटो १८० अंशात फिरवा. खळगे फुगतात!

मधलीसुट्टी | रविवार, सकाळी ९:४०

फिरवून बघितलं. बायकोला दाखवलं. चहा मिळाला नाही पण भिंत फुगली.

झारीतला | रविवार, दुपारी १२:१५

ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांच्यासाठी: स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपमध्ये डबल एक्स्पोजर आहे. त्यात आपलाच भिंतीचा फोटो वर आणता येतो, ओव्हरले, लाइटन, डार्कन वगैरे मोड आहेत. नंतर एडिट्सच्या यादीत जाऊन ब्रशने नको तिथून पुसता येतं. हाय पास नाही, त्यामुळे भिंतीचा फोटो आधी कृष्णधवल करून घ्या. तिथलाच ग्रंज नावाचा तयार फिल्टर मात्र हात न लावलेला बरा. त्याने कुणाचंही लग्न गिरणीत लागल्यासारखं दिसतं.

पागोळी | रविवार, संध्याकाळी ६:३३

मामेभावाला फोन केला. तो गावीच आहे. आज साडेपाचला त्याने चिऱ्याच्या भिंतीचे चौदा फोटो काढून पाठवले, वर "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना" असंही विचारलं. पण जमलं! पडवीचा, विहिरीचा आणि माडांचा फोटो आता बघत राहावेसे वाटतायत.

चेहऱ्याचं काय करू? लेअर मास्क घालून आजोबांच्या तोंडावर काळा ब्रश मारला, तर आजूबाजूला खरखर आणि मध्ये चकचकीत चेहरा. सत्यनारायणाच्या पोथीतल्या देवासारखं वलय आलंय.

कोबा | रविवार, संध्याकाळी ७:१०

पूर्ण काळा नको. मास्कमध्ये काळा म्हणजे लपवा, पांढरा म्हणजे दाखवा, राखाडी म्हणजे तेवढ्यापुरतं. मोठा, मऊ कडांचा ब्रश घ्या आणि गडद राखाडीने चेहरा, मान, हात सगळं एका दमात रंगवा. साधारण तिसरा हिस्सा खरखर राहू द्या, म्हणजे चेहरा त्याच कागदावर असल्यासारखा वाटेल.

आणखी एक करता येतं. खऱ्या कागदावर खरखर दिसते ती मधल्या छटांत. अगदी पांढऱ्या आकाशात आणि गडद काळोखात ती जवळजवळ नसते. फोटोशॉपमध्ये यासाठी ब्लेंड इफ आहे, ऑल्ट दाबून त्याचा त्रिकोण दोन तुकड्यांत फोडला की बदल हळुवार होतो. जिंपमध्ये मूळ फोटोची कृष्णधवल नक्कल टेक्स्चरच्या मास्कमध्ये चिकटवा आणि त्या मास्कवर कर्व्ह्ज (छटा कमीजास्त करायची वक्ररेषा) लावून मधला भाग वर उचला, दोन्ही टोकं खाली ओढा. टेकडीसारखा आकार. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, पुढच्या वेळी दोन मिनिटं.

लॅपटॉपला झेपत असेल तर जिंप ३.० घ्या. मार्च २०२५ मध्ये आलंय. त्यात फिल्टर लेअरवर नुसता लटकून राहतो, नंतर आकडे बदलता येतात. २.१० मध्ये हाय पास एकदा लावला की लावला, म्हणून लेअरची प्रत ठेवा.

लालदिवा | रविवार, रात्री ८:०५

मधल्या छटांचं बरोबर सांगितलंत. फिल्मची ग्रेनही तशीच, राखाडीत सगळ्यात जास्त जाणवायची. आणि ग्रेन म्हणजे एकेका पिक्सेलची वाळू नव्हे. हल्लीची मुलं नॉइज टाकून त्याला फिल्म लूक म्हणतात. टाकायचाच तर ५० टक्के राखाडी भरलेल्या वेगळ्या लेअरवर टाका, तिन्ही रंगांना एकसारखा, आणि वरून अर्ध्या-एक पिक्सेलचा गॉशियन ब्लर (धूसरपणा) द्या. दाणे एकमेकांना चिकटले पाहिजेत. मग ओव्हरले.

कॅनव्हासचा तयार फिल्टर मात्र कृपा करून कुणी माणसाच्या तोंडावर लावू नका. स्टुडिओच्या शेवटच्या काळात लोक तो लावून आणायचे आणि वर कॅनव्हासवरच छापायला सांगायचे. कापडावर कापडाचं चित्र.

ओसरी | सोमवार, सकाळी ११:२६

धागा छान चाललाय, पण थोडं विरजण घालते. हे सगळं शिकून लोक काय करतात तर कालचा फोटो पिवळा करून, ओरखडे मारून "दुर्मिळ" म्हणून ढकलतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा "पेशवाईतील शनिवारवाड्याचा अस्सल फोटो" आला. पेशवाई बुडाली १८१८ ला आणि डॅगेरोटाइपची (फोटो काढायची सुरुवातीची पद्धत) घोषणा झाली १८३९ ला. मधली २१ वर्षं कॅमेरा कुठे होता, हे विचारल्यावर मला ग्रुपची वातावरणबिघाडी म्हणाले.

लालदिवा | सोमवार, दुपारी १:५०

ओसरीताई, ओरखडे बघूनही चोरी पकडता येते. निगेटिव्हच्या एमल्शनवर (चित्र धरणाऱ्या लेपावर) खोल ओरखडा पडला तर तिथून जास्त उजेड जातो आणि प्रिंटवर काळी रेघ येते. निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर उजेड अडतो, प्रिंटवर पांढरा ठिपका. प्रिंट स्वतःच घासली तर खालचा कागद दिसतो, म्हणजे पांढरी रेघ. ओरखड्याची तयार फाइल आणून स्क्रीन मोडवर टाकणाऱ्याला हे ठाऊक नसतं. सगळ्या रेघा पांढऱ्या, सगळ्या सारख्याच जाडीच्या, आणि पुढच्या फोटोतही त्याच जागी. शिवाय फोटोची कड तेवढी शाबूत. खरा जुना फोटो आधी कडेने आणि कोपऱ्यात मरतो.

अर्धीप्लेट | सोमवार, दुपारी २:१५

वातावरणबिघाडी हा शब्द मी घेतला. ओसरीताईंच्या मुद्द्याला अनुमोदन, पण पागोळी कुणाला फसवत नाहीयेत. कॅलेंडरवर २०२६ लिहिलेलं असणार!

पागोळी | बुधवार, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, कारण आता उलटीच पंचाईत झाली.

डिसेंबरच्या पानासाठी आईने ट्रंकेतून एक फोटो काढला. आजोबा, आजी आणि मांडीवर दोन वर्षांची आई, रत्नागिरीच्या स्टुडिओत, सत्तरच्या दशकातला. कागद हाताला खरखरीत लागतो, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी आहे. स्कॅन केला तर सगळ्या फोटोभर चकाकणाऱ्या ठिपक्यांची जाळी! अकरा पानांवर टेक्स्चर चढवलं आणि बारावं पान त्याच्यापायी अडलंय. ब्लर केलं तर जाळी जाते पण आजीची नथही जाते.

लालदिवा | बुधवार, रात्री ९:४४

सिल्क कागद! माझ्या हातून असे हजारो गेले असतील. बोटांचे ठसे उमटत नसत आणि त्वचेवरचे डाग झाकले जात, म्हणून गिऱ्हाइकाला आवडायचा. कधीकाळी कुणी त्यावर काच दाबून दिवा फिरवेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

ब्लर नको. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने तिरका पडतो, म्हणून प्रत्येक उंचवट्याची एक बाजू चमकते. फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग काचेवर तोच १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा. दुसऱ्या वेळी चमक उंचवट्याच्या दुसऱ्या बाजूला येते. संगणकात दुसरा स्कॅन परत सरळ करा, पहिल्यावर ठेवा, ओपॅसिटी ५०. चमक बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. मात्र दोन्ही थर एकमेकांवर तंतोतंत बसायला हवेत. वरचा थर आधी डिफरन्स मोडवर ठेवा आणि सगळं जास्तीत जास्त काळं दिसेपर्यंत सरकवा, मग मोड नॉर्मल.

कोबा | बुधवार, रात्री १०:३०

काकांच्या युक्तीनंतर जे उरेल त्यासाठी फूरिये रूपांतर, म्हणजे फोटोत काय किती अंतराने परत येतं ते वेगळं काढून दाखवणारं गणित. जाळी ठराविक अंतराने येते, म्हणून फूरिये रूपांतरात ती मधल्या ठिपक्याभोवती चार-सहा उजळ ताऱ्यांसारखी वेगळी दिसते. जिंपला जीमिक नावाचं फुकट प्लगइन जोडता येतं, फ्रान्समधल्या काँ शहरातल्या प्रयोगशाळेत बनलेलं. त्यात फूरियेची सोय आहे. ते तारे काळ्या ब्रशने झाका, मधल्याला हात लावू नका, आणि रूपांतर उलटं फिरवा. जाळी जाते, नथ राहते. तारा आडवा-उभा थोडा जास्त झाकला तरी चालतो, पण मधला ठिपका गेला तर फोटोचा उजेडच जाईल.

शेवटी फ्रान्सचं काहीतरी कामी आलंच तुमच्या.

पागोळी | शुक्रवार, रात्री ११:१५

नथ राहिली!! तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा जमलं. दोन स्कॅननेच ऐंशी टक्के काम झालं होतं. फूरियेत उरलेले तारे झाकले. आई कितीतरी वेळ स्क्रीनपुढे बसून होती. मग म्हणाली, हा फ्रॉक पिवळा होता. आता तिला तो रंगवून हवाय. त्यासाठी वेगळा धागा काढेन.

प्रेसवाल्या दादाकडे एकाच शीटवर सहा तुकड्यांची ट्रायल छापून घेतली, तोच फोटो, टेक्स्चर १५ पासून ४० पर्यंत. स्क्रीनवर मला ३० आवडत होतं, मॅट कागदावर २० पुरेसं वाटलं. कागद स्वतःच थोडी खरखर देतो. चेहऱ्याच्या पानांवर १५.

झारीतला | शनिवार, सकाळी ८:१०

अभिनंदन! एक सूचना: ग्रुपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की कॉम्प्रेशन आधी बारीक खरखरच खातं आणि जागोजागी चौकोन पडतात. मग मामेभाऊ म्हणेल, यासाठी मी उन्हात उभा होतो?

अर्धीप्लेट | शनिवार, सकाळी ९:३०

पागोळी, चिऱ्याच्या भिंतीची मूळ फाइल देणार का? माझ्या संग्रहात चिरा आहे तो सिंधुदुर्गातला, पण त्यावर कुणीतरी "येथे जाहिरात लावू नये" लिहून ठेवलंय.

पागोळी | शनिवार, सकाळी १०:०४

घ्या की, कुणीही वापरा, नावबिव द्यायची गरज नाही. आडवी आणि उभी दोन्ही दुव्यात टाकल्यात. फक्त उभीच्या उजव्या कोपऱ्यात पाल आहे, तेवढी क्लोन करून (शेजारचा तुकडा वर चिकटवून) काढा. माझ्या मार्च महिन्यात ती आजोबांच्या खांद्यावर छापली गेलीय.